मत्स्यालयातला घास



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो वेतन, महागाई भत्ता आणि बोनस यांखेरीज दुसरे काय बोलणार, अशी आपली समजूत असणे अगदी स्वाभाविक आहे. चिटणिसांनी मला विषय विचारला तेव्हा मी "मत्स्यालयातील माशांचे जेवण" असे उत्तर दिले. ते ऐकून फोनवर त्यांचा आवाज काही क्षण बंदच झाला. मग त्यांनी अदबीने विचारले, "यात इतिहास कितपत आहे?" त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न मी आज करणार आहे.

माझी शाळा सातवीनंतर सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते कारखान्यात आणि सार्वजनिक वाचनालयात. इंग्रजी मी शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलो, आणि अजूनही तो फार दूर ठेवत नाही. तेव्हा पंडिताच्या अधिकाराने मी काही सांगावे असे नाही. ज्याला एका भांडणासाठी एक विषय शिकावा लागला, अशा माणसाचे हे बोलणे आहे, एवढे ध्यानात ठेवून ते ऐकावे.

ते भांडण असे. काही वर्षांपूर्वी एका नगरपालिकेच्या बागेत एक लहानसे मत्स्यालय होते. चौदा काचटाक्या, एक मोटार, एक कोठार आणि एक परिचर. या परिचराला सारे मामा म्हणत. मामांनी तेथे पंचवीस वर्षे काढली. एका पावसाळ्यात माशांची मर लागली. गोल्डफिश उलटे तरंगू लागले, एंजलांचे पंख झडले, काहींच्या पाठी वाकल्या. वर्तमानपत्रात बातमी आली आणि चौथ्या दिवशी मामांच्या हातात दोषारोपपत्र पडले: कर्तव्यात निष्काळजीपणा, त्यामुळे सार्वजनिक मालमत्तेची हानी. ते घेऊन मामा आमच्या कचेरीत आले.

मी काय सांगितले, हे लपवण्यात अर्थ नाही. मी म्हणालो, "मामा, निवृत्तीला दोन वर्षे राहिली. एक वेतनवाढ रोखतील. कबूल करून मोकळे व्हा. माशांवरून कोण भांडत बसणार?" मामा उठले नाहीत. म्हणाले, "वेतनवाढ गेली तर जाऊ द्या, साहेब. पण मासे मी मारले असं कागदावर राहता कामा नये." मग त्यांनी पिशवीतून दोन वह्या काढल्या. त्या वह्यांकडे मी पुढे येईन. त्या रात्री मला एवढेच कळले, की मासा काय खातो हे मला ठाऊक नाही. आणि ते ठाऊक करून घेतल्याशिवाय या माणसाचा बचाव करता येणार नाही. दुसऱ्या दिवसापासून मी वाचनालयात बसू लागलो.

*

माणसाने शोभेसाठी मासे पाळल्याचा सर्वांत जुना आणि सलग इतिहास चीनचा आहे. तेथे सुंग राजवटीत गोल्डफिश पाळण्याचा शौक राजवाड्यातून धनिकांच्या बागांत पसरला. दक्षिण सुंगांची राजधानी हांगचौ ही या छंदाची पेठ होती. तेराव्या शतकाच्या आरंभी यूए के नावाच्या लेखकाने तेथील मासेपाळांविषयी लिहून ठेवले आहे, की हे लोक आपली विद्या कोणाला सांगत नाहीत. पण बाजारपेठेच्या गटारांतल्या बारीक तांबड्या किड्यांवर ते मासे पोसतात आणि शंभर दिवसांत माशांचा रंग पालटतो, अशी वदंता आहे.

यातली अतिशयोक्ती सोडून द्या. साधा मासा नुसत्या खाण्याने सोनेरी होत नाही. ते जातीवर आणि निवडीवर अवलंबून असते. परंतु त्या गटारकाठच्या माणसाला एक गोष्ट खरीच समजली होती. माशाच्या अंगचा तांबडा-पिवळा रंग ज्या द्रव्यांमुळे येतो ती द्रव्ये मासा स्वतःच्या शरीरात मुळापासून तयार करू शकत नाही. ती त्याला शेवाळातून, किड्यांतून, कोळंबीच्या जातीच्या बारीक जीवांतून मिळवावी लागतात. अन्नात ती नसली, की लाल मासा महिन्यामहिन्याने फिका पडत जातो. रसायनशास्त्राने हे विसाव्या शतकात सिद्ध केले. त्याआधी सातशे वर्षे ते हांगचौच्या गटारावर टोपली घेऊन बसणाऱ्याला माहीत होते. त्याचे नाव मात्र यूए केने लिहिलेले नाही. लिहिणाऱ्याचे नाव राहिले, भरवणाऱ्याचे गेले. या इतिहासात हे पुन्हा पुन्हा घडते.

युरोपात काचेच्या पेटीत समुद्रजीव ठेवून त्यांचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्यांत पहिले नाव एका स्त्रीचे आहे. जान व्हिलप्रो ही फ्रान्समधील एका खेड्यातल्या चांभाराची मुलगी. अठरा वर्षांची असताना ती पायी पॅरिसला गेली आणि तेथे शिवणकामावर पोट भरू लागली. पुढे लग्न होऊन ती सिसिलीतील मेसिना बंदरात राहावयास आली. १८३२ च्या सुमारास तिने आर्गोनॉट नावाच्या अष्टपाद प्राण्याच्या अभ्यासासाठी काचेच्या पेट्या आणि समुद्रात बुडवून ठेवण्याचे पिंजरे तयार करविले. हा प्राणी आपला शंख स्वतः बनवतो की दुसऱ्याचा चोरतो, यावर मोठमोठे विद्वान वाद घालीत होते. या शिवणकाम करणाऱ्या बाईने त्यांना दिवसेंदिवस जिवंत ठेवले, त्यांच्यावर नजर ठेवली, आणि तो शंख त्याचा स्वतःचाच असतो हे दाखवून दिले. पाळीव प्राणी उपाशी मेला असता तर हा वाद तेथेच राहिला असता. शास्त्राच्या मुळाशी आधी रोजचा घास असतो, तो असा.

यानंतर लंडनचा रॉबर्ट वॉरिंग्टन. हा रसायनज्ञ होता. १८५० साली त्याने आपल्या प्रयोगाची हकीकत तेथील रसायन सभेपुढे मांडली. काचेच्या मोठ्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती. वनस्पती प्राणवायू देईल, मासे जगतील, असा त्याचा हिशेब. पण वनस्पतीची पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले. तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. गोगलगायींनी कुजलेला चोथा फस्त केला, पाणी निवळले, आणि त्यांनी घातलेली अंडी व बारीक पिल्ले माशांनी खाल्ली. अशा रीतीने भांड्यातल्या भांड्यात एक लहानसा संसार उभा राहिला. यालाच पुढे समतोल मत्स्यपेटी म्हणू लागले.

वॉरिंग्टनने स्वतः अन्नाचा विचार केला होता. त्याच्यामागून आलेल्या हौशी लोकांनी मात्र सोयीचा तेवढा भाग उचलला. पेटी समतोल झाली म्हणजे खर्च संपला, मासे आपले आपण जगतील, अशी समजूत रूढ झाली. दोन माशांच्या भांड्याचा नियम दोनशे माशांच्या टाकीला लावला गेला. हा तर्क आम्हां कामगारांच्या परिचयाचा आहे. "यंत्रणा एकदा बसवून दिली, आता तीवर खर्च कशाला?" हे वाक्य मी निरनिराळ्या टेबलांपलीकडून फार वेळा ऐकले आहे.

*

१८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले. १८५४ साली फिलिप गॉस याचे पुस्तक निघाले आणि 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द घरोघरी पोचला. इंग्लंडात काचेवरील कर १८४५ साली उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. आगगाडीमुळे समुद्रकिनाऱ्यावरचे जीव शहरात जिवंत पोचू लागले होते. हॅम्बुर्गला १८६४ साली, बर्लिनला १८६९ साली, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली आणि ब्रायटनला १८७२ साली सार्वजनिक मत्स्यालये उभी राहिली.

यांपैकी हॅम्बुर्ग आणि क्रिस्टल पॅलेस येथली कामे विल्यम अल्फर्ड लॉइड याच्या देखरेखीखाली झाली. हा गृहस्थ पुस्तकांच्या धंद्यात मजुरी करता करता स्वतःच्या वाचनावर मत्स्यविद्या शिकला. त्याने लंडनात समुद्रजीवांचे दुकान काढले आणि त्यात त्याचे दिवाळे वाजले; पण पाणी कसे फिरते ठेवावे हे ज्ञान त्याच्यापाशी उरले. प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा हौद जमिनीखाली अंधारात ठेवायचा आणि त्यातले पाणी पंपाने सतत टाक्यांतून खेळवायचे, ही त्याची रीत. खाल्ल्यावर जो मळ होतो तो सामावून घ्यायला पाणी हवे, म्हणजेच पोटभर खाऊ घालायचे तर मोठा हौद हवा, हे त्याने ओळखले. जेवण आणि मोरी यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही, हे कोणत्याही गृहिणीस सांगावे लागत नाही. समित्यांना सांगावे लागते.

१८७४ सालच्या आरंभी इटलीतील नेपल्स येथे जर्मन प्राणिशास्त्रज्ञ आंटोन डोर्न याने स्थापलेल्या संशोधनकेंद्राचे मत्स्यालय लोकांसाठी खुले झाले. खाली तिकीट काढून येणाऱ्या लोकांनी मासे पाहावेत आणि त्या पैशाचा हातभार वरच्या प्रयोगशाळांना लागावा, अशी त्याची योजना होती. त्याच वर्षी एका द्वारपालाचा चौदा वर्षांचा मुलगा तेथे कामाला लागला. त्याचे नाव साल्वातोरे लो बियांको. शाळा बेताचीच. तो टाक्या साफ करी, कोळ्यांनी आणलेले जीव वेगळे करी, कोणता जीव कशात टिकतो ते पाही. पुढे हाच मुलगा समुद्रजीव जतन करण्याच्या कलेत साऱ्या युरोपात प्रमाण मानला गेला. नेपल्सच्या उपसागरातला कोणता प्राणी कोणत्या महिन्यात अंडी घालतो, हे त्याने वर्षानुवर्षे टिपून ठेवले आणि विद्यापीठांतले पंडित ते वाचू लागले. या मत्स्यालयानंतर एका वर्षाने, १८७५ साली, न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. विद्या चार भिंतींबाहेर यावी, असे त्या काळात दूरदूरच्या माणसांना एकाच सुमारास वाटत होते, असे मला यावरून दिसते.

आपल्या देशात मद्रासचे समुद्रकाठचे मत्स्यालय १९०९ साली उघडले आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, हल्ल्याच्या भीतीने बंद झाले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडले. तुमच्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत ते पाहिले असेल. २०२० च्या साथीत त्याचे दार लोकांसाठी बंद झाले. पण अशा प्रत्येक ठिकाणी दार बंद असले तरी आत रोज कोणीतरी जात होते, ही गोष्ट आपण विसरतो. टाळेबंदी माणसांना असते. माशाच्या भुकेला ती नसते.

*

आता मुख्य मुद्दा. मासा पोटभर खाऊनही उपाशी कसा मरतो?

या प्रश्नाचे उत्तर माणसाच्या ताटातून निघाले. १८९० च्या सुमारास जाव्हा बेटात ख्रिस्तियान आइकमान हा डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होता. त्याच्या कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले आणि मग एकाएकी त्या बऱ्या झाल्या. चौकशी करता असे कळले, की काही दिवस त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढराशुभ्र भात मिळत होता. नवा आचारी आला आणि लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना देणार नाही म्हणाला. त्यांना पुन्हा कोंड्यासकट हलका तांदूळ मिळू लागला आणि त्या सुधारल्या. या धाग्यावरून पुढे बी-१ जीवनसत्त्व सापडले आणि १९२९ साली आइकमानला नोबेल पारितोषिक मिळाले. आचाऱ्याला काय मिळाले, ते आपण समजून घ्या.

हेच माशांबाबत घडले. अमेरिकेत नद्यांत सोडण्यासाठी ट्राउट मासे हौदांत वाढवीत. त्यांना काळीज, प्लीहा असे कसायाकडचे ताजे मांस घालावे लागे. ते महाग पडू लागले तेव्हा कोरडे खाद्य करून पाहिले. १९२७-२८ च्या सुमारास मॅके आणि त्याचे सहकारी यांना असे आढळले, की मोजून-मापून बनविलेल्या कोरड्या खाद्यावर ट्राउट काही आठवडे बरे असतात आणि मग मरू लागतात. थोडेसे कच्चे काळीज घातले की ते जगतात. काळजात काय आहे ते कळेना, म्हणून त्यांनी त्या अज्ञात वस्तूला 'एच घटक' असे नाव दिले. १९५७ साली जॉन हाल्व्हर याने सॅमन माशांना कोणकोणती जीवनसत्त्वे लागतात याचा छडा लावला. पुढच्या दशकात हेही कळले, की 'क' जीवनसत्त्व तुटले म्हणजे वाढत्या माशाचा कणा वाकतो. हे वाक्य वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले. मामांच्या टाकीतले वाकडे मासे मी डोळ्यांनी पाहिले होते.

मग नुसते ताजे मांस घातले की झाले, असे कोणी म्हणेल. तेही खरे नाही. १९३२ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात कातड्यासाठी कोल्हे पाळणाऱ्या एका ठिकाणी कोल्ह्यांना कच्चे कार्प मासे घालू लागले आणि कोल्हे लुळे होऊन मेले. कार्प व त्यासारख्या काही माशांत आणि काही शिंपल्यांत असे एक द्रव्य असते, की ते बी-१ जीवनसत्त्वाचा नाश करते. म्हणून मोठ्या मत्स्यालयांत आजही कच्च्या माशांबरोबर बी-१ ची गोळी देतात. तात्पर्य एवढेच, की कोणताही एकच पदार्थ, मग तो कितीही सकस असो, वर्षभर एकटा चालत नाही.

शिवाय सार्वजनिक टाकीत एका जातीचा संसार नसतो. कोणाचे तोंड वर वळलेले. तो पाण्याच्या पृष्ठभागावरचे टिपतो. कोणाचे खाली; तो तळ चाळतो. कोणी दिवसा खातो, कोणी दिवे मालवल्यावर. पाला खाणाऱ्याचे आतडे लांब, मांस खाणाऱ्याचे आखूड. वरून एक मूठ दाणे फेकले म्हणजे चपळ मासा तीन वाटे घेतो आणि तळचा मांगूर कुजका उरलेला भाग उचलतो. मूठ समान पडली म्हणून वाटणी समान झाली, असे होत नाही. आपण रेशनच्या रांगेत उभे राहिलेले लोक, आपल्याला हे अधिक समजावून सांगावयास नको.

पिल्लांचा प्रश्न तर आणखी कठीण होता. त्यांच्या तोंडात मावेल असे जिवंत अन्न रोज आणायचे कोठून? याचे उत्तर मिठागरात सापडले. आर्टेमिया नावाचा कोळंबीच्या कुळातला एक बारीक जीव अति खाऱ्या पाण्यात राहतो. त्याची अंडी सुकवून डब्यात वर्षानुवर्षे ठेवता येतात आणि खाऱ्या पाण्यात टाकली की दीड-दोन दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. १९३३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातील आल्व्हिन सील याने हे माशांचे उत्तम अन्न असल्याचे प्रसिद्ध केले. १९३९ साली नॉर्वेत रोलेफ्सेन यानेही तसाच अनुभव सांगितला. आपल्या मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांत हा जीव असल्याची नोंद १९५३ सालची आहे. ज्या खाऱ्या पाण्यात आमचे आगरी बांधव गुडघाभर उभे राहून मीठ ओढीत, त्याच पाण्यात माशांच्या बाळांचे दूध होते.

*

आता कोरड्या खाद्याविषयी. ते वाईटच असते असे म्हणण्यासाठी मी उभा नाही. १९५५ साली जर्मनीत उलरिख बेन्श याने पापडीसारखे कोरडे मत्स्यखाद्य कारखान्यात तयार केले, आणि गटारातले किडे वेचण्याच्या त्रासातून घरोघरच्या हौशी लोकांची सुटका झाली. आज चांगल्या खाद्यात जीवनसत्त्वे मोजून घातलेली असतात. मात्र ते ताजे, कोरडे आणि थंड ठिकाणी ठेवलेले असले पाहिजे. गोणी फोडल्यावर उष्णतेने आणि दमटपणाने 'क' जीवनसत्त्व उतरत जाते, आणि ओल लागली की बुरशी धरते.

ही बुरशी काय करते, याचा इतिहास भयंकर आहे. १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले; कारण त्यांच्या खाद्यात बुरशी धरलेली भुईमुगाची पेंड होती. त्याच सुमारास अमेरिकेत हौदांतल्या ट्राउट माशांना यकृताचा कर्करोग झाल्याचे आढळले. त्यांच्या गोळीखाद्यात सरकीची बुरसलेली पेंड होती. दोहोंमागे एकच विष निघाले, त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. आणि हे पशुपक्ष्यांपुरते राहिले असेही नाही. १९७४ साली गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा या भागांत अवेळी पावसाने मका भिजला. तेथल्या आदिवासींच्या घरात दुसरे धान्य नव्हते. बुरसलेला मका त्यांनी खाल्ला. ३९७ माणसे आजारी पडली, १०६ मेली. त्यांच्या घरांत दुसरे काही शिजवायला असते, तर तो काळा मका त्यांनीही उकिरड्यावर फेकला असता. ज्याच्या ताटात एकच पदार्थ असतो त्याला तो नाकारता येत नाही, आणि टाकीतल्या माशाचीही हीच स्थिती.

नाकारण्यासाठी दुसरे काही मिळण्याची आशा असावी लागते. २०२२ साली जपानमधील हाकोने-एन मत्स्यालयाने महागाईमुळे पेंग्विनांचे नेहमीचे आजी मासे बंद करून स्वस्त साबा मासे देऊ केले. पेंग्विनांनी चोच फिरवली. आमच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी काम बंद केले. आमच्या गोल्डफिशांना ती सोय नव्हती.

*

आता मामांच्या वह्यांकडे येतो.

पूर्वी मत्स्यालयाला महिन्याला थोडी किरकोळ खर्चाची रक्कम मिळे. तीतून मामा कोळणीकडून ओला जवळा आणीत, रोपवाटिकेतून गांडुळे आणीत, मंडईत टाकून दिलेला पालक धुऊन उकडून घालीत, मटार सोलून कुसकरून देत. आठवड्यातून एक दिवस कोणालाच काही देत नसत. तो माशांचा सोमवार, असे ते म्हणत. मग कारभारात सुधारणा झाली. किरकोळ खर्च बंद झाला. वर्षाची एकच निविदा निघाली, सर्वांत कमी दराची स्वीकारली गेली, आणि चौदाही टाक्यांसाठी एकाच प्रकारच्या कोरड्या खाद्याच्या गोण्या एकदम येऊन पडल्या. बाहेरचे काही घालू नये, असा लेखी आदेश निघाला. कोठाराचे छप्पर गळत होते. त्याविषयी मामांनी तीन अर्ज दिले होते.

मामांना लिहिणे बेताचे येई. त्यांनी वहीत प्रत्येक टाकीला एक रकाना केला होता आणि खुणा ठरवल्या होत्या. पान म्हणजे पाला, वेलांटी म्हणजे गांडूळ, टिंबे म्हणजे गोणीतले दाणे, फुली म्हणजे मेलेला मासा. आदेशानंतर अकरा टाक्यांच्या रकान्यांत टिंबांमागून टिंबे होती आणि पावसाळ्यात फुल्यांमागून फुल्या. पण कोपऱ्यातल्या तीन टाक्यांच्या रकान्यांत पाने आणि वेलांट्या चालूच होत्या. तेथे साऱ्या पावसाळ्यात दोनच फुल्या होत्या. पाणी तेच, मोटार तीच, माणूस तोच. फरक फक्त घासाचा. वॉरिंग्टन किंवा मॅके यांनी याहून वेगळे काय केले होते?

"मामा, या तीन टाक्यांचे पैसे कोठून आणलेत?"

"माझे. तिथं जुने मासे होते. पिल्लं असल्यापासून मी वाढवलेले. ते हात ओळखतात."

आता अडचण आपल्या ध्यानात येईल. वही पुढे केली नाही तर निष्काळजीपणाचा आरोप चिकटतो. वही पुढे केली तर लेखी आदेश मोडल्याची कबुली होते, आणि तो आरोप दोषारोपपत्रात नव्हताच. मी मामांना दोन्ही बाजू समजावून सांगितल्या. ते म्हणाले, "आदेश मोडला, ते खरं आहे. खरं आहे ते लिहू द्या. खोटं तेवढं काढा."

चौकशी अधिकाऱ्यांपुढे मी दोन्ही वह्या, छपराचे तीन अर्ज आणि गोणीतली एक मूठ ठेवली. गोणीची मूठ त्यांनी हुंगली आणि कागदावर सरकवून दिली. 'क' जीवनसत्त्व, ट्राउटचे यकृत, आइकमानच्या कोंबड्या, जे काही मी चार महिने वाचले होते ते सारे सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले. मला वाटते, त्यांच्यावर खरा परिणाम वेलांट्यांचा झाला. निर्णय असा झाला: निष्काळजीपणाचा आरोप सिद्ध होत नाही, आदेशाचा भंग झाल्याबद्दल लेखी ताकीद देण्यात येत आहे. मामांनी निकाल दोनदा वाचून घेतला, घडी घालून वहीत ठेवला आणि म्हणाले, "बरोबर आहे."

हा विजय होता असे मी सांगितले तर आपण टाळ्या वाजवाल, म्हणून पुढचेही सांगतो. मामा ठरल्या दिवशी निवृत्त झाले. त्यांची जागा भरली गेली नाही. बागेचा माळी सकाळ-संध्याकाळ दाणे टाकू लागला. वर्षभरात टाक्या एकामागून एक रिकाम्या झाल्या आणि तेथे आता बागेची अवजारे ठेवतात. ज्या भांडणासाठी मी हा विषय शिकलो, त्यातले मासे मला वाचवता आले नाहीत. एका माणसाच्या नावावरचे एक खोटे वाक्य तेवढे पुसले गेले. आणि पहिल्या दिवशी मी त्याला तेही कबूल करायला सांगत होतो, हे मी विसरत नाही.

बंधूंनो आणि भगिनींनो, चिटणिसांच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. मत्स्यालयाचा इतिहास काचेचा आहे, पाण्याचा आहे, थोर शास्त्रज्ञांचाही आहे. परंतु तो त्याहून अधिक भरवणाऱ्या हातांचा आहे: हांगचौच्या गटारावरचा अनामिक, मेसिनाची शिवणकाम करणारी बाई, नेपल्सच्या द्वारपालाचा मुलगा, जाव्हाचा आचारी, आणि चौदा रकान्यांत खुणा काढणारे आमचे मामा. कोणाला काय मानवते हे ज्याने रोज पाहिले आहे, त्याला विचारल्याशिवाय आहार ठरवू नये, एवढा धडा मी त्यातून घेतला. तो माशांना लागू आहे तितकाच शाळेच्या खिचडीला, वसतिगृहाच्या खाणावळीला आणि कारखान्याच्या उपाहारगृहालाही लागू आहे.

आपल्या गावात कोठे काचेची टाकी असेल, बागेत, इस्पितळाच्या दालनात किंवा शाळेत, तर पुढच्या वेळी मासे पाहून झाल्यावर जवळच्या परिचराला एक प्रश्न विचारा, "आज यांना काय घातलेत?" त्याला आजवर हे कोणी विचारलेले नसण्याचा संभव आहे. उत्तर मोठे असेल, थोडा वेळ काढून जा.